पराणीची खूण

तिरडी जेमतेम हातभर लांब होती. महादू गुरवानं बांबूच्या दोन कामट्यांवर केळीचं पान बांधून त्यावर वानराचं ते काळं पिल्लू निजवलं होतं. कपाळाला शेंदूर, तोंडात तुळशीचं पान. पुढे टाळ-मृदंग आणि मागे सगळं लिंबाळी गाव. बालाघाटच्या डोंगरातल्या त्या गावात वानर गेलं की घरातलं माणूस गेल्यासारखंच करत. दुकानं बंद राहत, चुली उशिरा पेटत. थोड्याच दिवसांत गेलेलं हे दुसरं पिल्लू, त्यामुळे भजनातही त्या सकाळी जीव नव्हता.

मी गळ्यात दुर्बीण अडकवून गयाबाईंच्या शेजारी उभी होते. खड्ड्यापाशी गुरवानं पिल्लाला आंघोळ घालायला वरचं फडकं काढलं आणि तो तसाच थांबला. पोटावर दोन भोकं होती, शेजारी शेजारी आणि खोल. त्यानं पिल्लू उचलून अंबादासअण्णांसमोर धरलं. अण्णा मारुतीच्या देवळाच्या कमिटीचे मुख्य. गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

"कुत्रं न्हाई ह्ये," गुरव म्हणाला. "कुत्रं फाडतंय. ह्ये टोचल्यालं हाय. पराणीची आर हाय ही."

पराणी म्हणजे बैल हाकायची काठी आणि आर म्हणजे तिच्या टोकाचा खिळा. लिंबाळीत घरोघरी पराण्या होत्या. पण पराणी खांद्यावर टाकून वानरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत फिरणारी बाई गावात एकच होती. नुसत्या माना वळल्या, एकेक करून, गयाबाईंकडे.

"गयाबाईंनी नाही मारलं," मी म्हणाले. "नव्या नरानं मारलंय. काल चिंचबनात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

मृदंग थांबला. मला वाटलं, झालं, मिटलं. पण पुढच्या दोन म्हाताऱ्यांनी आपापले कान धरले आणि अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागानं नाही. भलत्या जागी भलतं बोलून बसलेल्या लेकराकडे पाहावं तसं.

"पोरी, देवाच्या दारात उभी हाईस," ते म्हणाले. "बाप लेकराला मारतो म्हनायलीस?"

"तो त्याचा बाप नव्हता, अण्णा."

हे तर आणखीच वाईट झालं.

त्या वर्षी मी पुण्याहून वानरांवर संशोधन करायला लिंबाळीत येऊन राहिले होते. विषय भारदस्त होता, वानरांचं प्रजनन आणि पिल्लांचं तगणं. साध्या भाषेत सांगायचं तर कोणती वानरीण कधी माजावर येते, कुणापासून पिल्लू होतं आणि झालेल्या पिल्लांतली किती जगतात, हे मी दिवसभर झाडाखाली बसून बघत असे. तरण्याताठ्या मुलीनं असल्या गोष्टी बघत बसावं याचं गावाला आधी हसू आलं, मग सवय झाली. त्यांनी मला वानरबाई हे नाव देऊन टाकलं, आणि ते मला शोभतही होतं.

राहायला पुढची खोली दिली ती गयाबाई खोसेंनी. नवरा मुलगी शालन लहान असतानाच गेलेला. तेव्हापासून एक विहीर, एक बैलजोडी आणि भाजीचा मळा या बाईनं एकटीनं सांभाळला होता. औत स्वतः धरायची, गाडी स्वतः हाकायची. बोलणं असं की ऐकणाऱ्यानं दोन पावलं मागेच उभं राहावं. वानरांवर तिचा भारी दात होता. टोळी मळ्यात उतरली की काकडी तोडायची, एक चावा घ्यायचा आणि फेकून द्यायची. "खात असते तर पुण्य तरी लागलं असतं," ती म्हणे, "ह्ये नुसतं उष्टं करून ठिवत्यात." वानरांच्या मागे फिरणारी मी आणि वानरांना हाकलणारी ती, अशा आम्ही दोघी एकाच ताटात भाकरी मोडून खात होतो. संध्याकाळी मी घरी आले की तिचं ठरलेलं असे, "तुझे पाव्हने येऊन गेले बग. वांगी आवडली म्हनं."

शिमग्याच्या आधी एकदा टोळीनं गवारीचं अख्खं रान तुडवलं. दुसऱ्या दिवशी बाजारात, तिच्या टोपल्यात विकायला काही नसताना, गयाबाई भर गर्दीत ओरडली होती, "एकेकाच्या पोटात आर घालीन." उचलली जीभ लावली टाळ्याला. अर्ध्या बाजारानं ते ऐकलं होतं, आणि आता त्या अर्ध्या बाजाराला ते आठवत होतं.

खरं घडलं होतं ते वेगळंच. शिमग्यानंतर डोंगरातून एक नवा नर आला. दांडगा, एक कान फाटलेला. टोळीचा जुना नर म्हातारा झाला होता. दोघांची देवळाच्या शिखरावर मारामारी झाली आणि जुना रक्तबंबाळ होऊन ओढ्यापलीकडे निघून गेला. गावाला यात काही नवल नव्हतं. नवा पाटील आला म्हणून लोकांनी त्याला गूळ-शेंगदाणे घातले.

पुढे काय होणार हे मला माहीत होतं, कारण मी ते वाचलं होतं. नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा अंगावर पिणारी पिल्लं मारतो. पिल्लू गेलं की आईचं दूध आटतं, ती लवकर माजावर येते, आणि पुढचं पिल्लू त्याचं होतं. परीक्षेत मी हे लिहिलं होतं आणि चांगले मार्क मिळवले होते. चिंचबनात ते समोर घडलं तेव्हा मात्र माझे हातपाय गार पडले. त्यानं मागून येऊन वानरिणीच्या पोटाशी हात घातला, पिल्लू ओढून तोंडात धरलं, दात रुतवले आणि खाली टाकलं. मग तो वरच्या फांदीवर जाऊन चिंचेचा कोवळा पाला खात बसला. खाली आई ते पिल्लू उचलून पोटाशी धरायला बघत होती आणि ते पुन्हा पुन्हा गळून पडत होतं. दुर्बीण डोळ्यांवरून काढायचंही मला सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी तालुक्याला जाऊन मी पुण्याला माझ्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "अभिनंदन. जन्मभर रानात घालवून लोकांना हे दिसत नाही. आता कशात पडू नका. फक्त बघा."

दुसऱ्या पिल्लाला माती दिली त्याच दिवशी दुपारी देवळात बैठक बसली. मी पुन्हा सगळं सांगितलं, या खेपेला सावकाश, माजाचा विषय टाळून. गुरवानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई तिच्या घरचं खातीया. ती दुसरं काय बोलनार?" त्यावर बऱ्याच माना डोलल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी बसून पाहिलं. फरक इतकाच की इथे चोराला शेंदूर लागलेला होता.

निवाडा अण्णांनी दिला. ते वाईट माणूस नव्हते, आणि अडचण खरी त्यांची होती. त्यांच्या मुलाचं, दत्ताचं, आणि गयाबाईंच्या शालनचं लग्न ठरलं होतं, वैशाखातली तिथी धरलेली होती. मनात आणलं असतं तर ते तिथेच सोयरीक मोडून मोकळे झाले असते. त्याऐवजी ते म्हणाले की दुसऱ्या दिवशीच्या हनुमान जयंतीला जन्माच्या वेळी गयाबाईंनी गावासमोर बेल-भंडारा उचलावा. शपथ घेतली की कुणी पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही घेतली तर घर वाळीत. तोवर तिची पराणी देवळात कुलपात राहील. आणि वाळीतल्या घरातली मुलगी कुणी करत नाही, हे अण्णा बोलले नाहीत. ते बोलायची गरज नव्हती.

घरी येताना मी खुशीत होते. शपथ घ्यायची आणि मोकळं व्हायचं, यात अवघड काय होतं? खरं बोलणाऱ्या माणसाला शपथेचं भय कशाला? मी तसं म्हणालेही. शालन चुलीपुढे बसली होती, तिचाही चेहरा खुलला. गयाबाई बैलांना कडबा टाकून आली, हात धुतले आणि उंबऱ्यावर बसली.

"मला न्हाई घेता यायची," ती म्हणाली.

शालननं तवा खाली ठेवला.

"शप्पथ कशी असती ठावं हाय का तुला?" गयाबाई मला म्हणाली. "काया, वाचा, मनानं मी ह्यांचं वाईट चितलं न्हाई, असं म्हनावं लागतं. तीनी म्हनावं लागतं. हातानं न्हाई मारलं. पर वाचेनं? मनानं? गवार तुडवली त्या दिशी म्या म्हनलं व्हतं, मरा एकदाचे. अन् नुसतं म्हनलं न्हाई, मनापासून म्हनलं."

मी म्हणाले की रागात माणूस काहीही म्हणतो, देवाला ते कळतं. ती म्हणाली की देवाला कळतं म्हणूनच तर. शालन रडली, पाया पडली, शेवटी भांडली. "तुजं एक खोटं तोंडातून निघालं तर माजं समदं होतंय," ती आईला म्हणाली. गयाबाई हलली नाही. बाजारात तोलताना भाजीची जुडी वर घालणाऱ्या या बाईला खोटं तोलता येत नव्हतं, आणि ते मायलेकींच्या मुळावर आलं होतं. मला तिचा राग आला आणि तिच्यापुढे मी लहानही झाले.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. टोळीत अंगावर पिणारं एकच पिल्लू उरलं होतं, लांडीचं. लांडी म्हणजे शेपूट तुटलेली वानरीण. ती हुशार होती. नवा नर आल्यापासून ती माणसांची पाठ सोडत नव्हती. देवळाच्या पायऱ्यांवर बायकांच्या पायांपाशी येऊन बसायची, कारण माणसं असली की तो जरा दबून असे. पण जयंतीच्या पहाटे गूळ-हरभरा घालायची गावाची रीत होती. सगळी टोळी अंगणात उतरायची, तोही उतरणार. गूळ टाकताना लोक त्याला हातभर जवळ येऊ देत. आणि अंगणात सगळं गाव असणार.

"काकू, तुम्ही शपथ घेऊच नका," मी म्हणाले. "नुसतं उभं राहा. वेळ काढा. तो लांडीचं पिल्लू मारल्याशिवाय राहणार नाही, आणि उद्या मारलं तर सगळ्यांच्या देखत मारेल. एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुणाला काही सांगायला नको."

गयाबाई माझ्याकडे वळली.

"म्हंजे लेकरू मरंल?"

"ते तसंही मरणार आहे. आज नाही तर चार दिवसांनी."

शालननं तवा पुन्हा चुलीवर ठेवला. आमचं ठरलं असं मी धरून चालले.

जयंतीच्या पहाटे देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. कीर्तन रंगलं होतं. बायकांनी ओंजळीत फुलं धरली होती, सुंठवड्याचा वास येत होता. पूर्वेला उजाडलं तशी भिंतीवरून टोळी उतरली. हरभऱ्याच्या ढिगांवर वानरं तुटून पडली. लांडी पायऱ्यांच्या कडेला बसली, पोटाशी ते काळं पिल्लू. त्याचे कान अजून पातळ होते आणि उजेड त्यांतून आरपार जाई. फाटक्या कानाचा नर दीपमाळेवर होता. तो खात नव्हता. खाली बघत होता.

सूर्य वर आला, फुलं उधळली गेली, घंटा वाजल्या. मग गुरवानं गयाबाईंना पुढे बोलावलं. तिच्या दोन्ही तळव्यांवर बेलाची पानं आणि मूठभर भंडारा ठेवला. शपथ कुठल्याही देवापुढची असो, लिंबाळीत ती अशीच घेतात. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. अण्णा दत्ताला घेऊन उजव्या हाताला उभे होते. शालन माझ्याजवळ होती आणि तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

"म्हना," गुरव म्हणाला, "काया, वाचा, मनानं..."

गयाबाई गप्प. गुरवानं पुन्हा म्हटलं. गर्दीत कुजबुज उठली. तेवढ्यात नर दीपमाळेवरून उतरला. पळत नाही, चालत आला, हरभऱ्याचे ढीग ओलांडून. बायकांनी देव आला म्हणून त्याला वाट करून दिली. लांडीनं दात विचकले आणि ती मागे सरली, पण मागे पायरी होती. त्यानं झडप घातली.

"बघा!" मी ओरडले. "सगळे इकडे बघा! बघा तो काय करतोय!"

लोक वळले. लांडी एका बाजूनं ओढत होती, तो दुसऱ्या बाजूनं, आणि मधे पिल्लू चिरक्या आवाजात ओरडत होतं. पिल्लाचं डोकं नराच्या तोंडाजवळ आलं होतं. माझ्या मनात एकच होतं, की आता कुणी मान फिरवू नये.

आणि माझ्यासमोरून काहीतरी पिवळं उडालं. गयाबाईंनी हातातला बेल-भंडारा फेकून दिला होता. ती पायऱ्या उतरून धावली, दोघांच्या मधे वाकली आणि तिनं दोन्ही हातांनी ते पिल्लू धरलं. नर फुत्कारला. त्यानं तिच्या कोपराखाली दात रुतवले. गयाबाई ओरडली नाही. तिनं हात झटकला नाही, पिल्लूही सोडलं नाही. लांडी तिच्या अंगावर चढली, तिच्या हातांतून पिल्लू ओढून घेतलं आणि सरसर शिखरावर निघून गेली. तेव्हा कुठे नरानं दात काढले आणि तो भिंतीवरून पलीकडे गेला.

गयाबाई भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या फरशीवर बसली होती आणि हातातून रक्ताची धार लागली होती. मी अण्णांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते धावत येतील. आता सगळ्यांना कळलं.

"दावलं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "दावलं देवानं."

गुरवानं हात जोडून साष्टांग दंडवत घातला. एका म्हातारीनं गालावर चापट्या मारून घेतल्या. मग बोलणी सुरू झाली आणि मी ती ऐकत उभी राहिले. शपथ घेता येईना, म्हणून भंडारा फेकला. देवाच्या दारात लेकरू धरलं. मारुतरायानं स्वतः येऊन तिचा हात पकडला. सगळ्यांनी पाहिलं होतं. प्रत्येकानं अगदी डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी दिसलं की माणसाला पटतं, या एका गोष्टीवर माझं सगळं शिक्षण उभं होतं.

तिला तालुक्याच्या दवाखान्यात अण्णांनीच नेलं, स्वतःच्या ट्रॅक्टरनं. रक्त थांबावं म्हणून आपलं उपरणंही त्यांनीच बांधलं. दवाखान्याच्या दारात तिला उतरवून ते शालनला म्हणाले, "तुज्यावर राग न्हाई पोरी. पर आता ह्ये जमायचं न्हाई." मग त्यांनी ट्रॅक्टर वळवला.

जखम खोल होती. टाके पडले, पोटात इंजेक्शनं सुरू झाली. शालन खाटेपासून लांब, खिडकीशी पाठ करून बसली. ती आईशी एकच वाक्य बोलली होती, "तुला माज्यापरीस माकड प्यारं झालं."

मला राग आवरत नव्हता. दुपारी गयाबाईंना जरा हुशारी आली तेव्हा मी विचारलंच. "का गेलात मधे? तुम्हाला तर ती वानरं डोळ्यांसमोर नको असतात. जरा थांबला असतात तर सुटला असतात. शालन सुटली असती."

"म्या बी थांबनारच व्हते की," ती म्हणाली. "रातभर मनाला तेच सांगत व्हते. पर तू 'बघा बघा' म्हनून वरडलीस. समदे बघायला लागले. 'धरा' म्हनली असतीस तर दुसरं कुनी तरी गेलं असतं."

तिनं हे चिडून म्हटलं नव्हतं. घरात पीठ संपलंय असं सांगावं तसं म्हटलं होतं. आज मी स्वतः मुलांना हा विषय शिकवते, दरवर्षी कुणीतरी विचारतं की असं घडताना निरीक्षकानं काय करावं, आणि पुस्तकातलं उत्तर देताना मला नेमकं ते वाक्य ऐकू येतं.

जरा वेळानं तिनं डोळे उघडले. "हाय ना गं ते?"

"आहे. लांडी त्याला घेऊन शिखरावर गेली. अंगाला लागलंय थोडं, पण पीत होतं."

"मग झालं तर," गयाबाई म्हणाली आणि कुशीवर वळली. इतकं सगळं गमावलेल्या बाईला इतक्या लवकर झोप कशी लागली, याचं मला नवल वाटलं. तिचा चेहरा अगदी निवांत होता.

त्यानंतर आम्ही तिघी त्या वॉर्डातच होतो. गावाकडून कुणी आलं नाही. मी सकाळी चहा आणायची, शालन मुकाट्यानं आईची वेणी घालायची. मग एका सकाळी व्हरांड्यात पावलं वाजली आणि दारात अंबादासअण्णा दिसले. मागे महादू गुरव होता, आणि त्याच्या मागे ओटीचं ताट घेतलेल्या दोन बायका. अण्णांच्या हातात नारळ होता. मी चटकन उभी राहिले. आता आणखी काय आणलंय यांनी, असं मला वाटलं.

अण्णा खाटेशी आले आणि त्यांनी टोपी काढली.

"गयाबाई, आमचं चुकलं," ते म्हणाले. "गावाच्या वतीनं सांगतो, चुकलं. तुमच्यावर आळ घेतला, तुमी निर्दोष हाईत."

शालन खिडकीपासून पुढे आली. गयाबाई उठून बसली, पदर सारखा केला आणि काही न कळून त्यांच्याकडे बघू लागली. अण्णांना ते नीट सांगायचं होतं. त्यांनी वाटेभर जुळवून आणलं असावं.

"तुमी हितं. जयंती धरनं हितंच. तुमची पराणी देवळात कुलपात, किल्ली माज्या कमरेला. मग तुमचा हात लागंल कसा? आख्ख्या गावाला पटलं. कुनी तरी भायेरचा हाय, त्याला आमी हुडकून काढू. तुमी न्हाई एवढं नक्की झालं. जयंतीला देवानं हात धरला तो बी तुमाला वाचवायला, असं आता समदे म्हनायलेत. लगीन ठरल्या तिथीला व्हईल."

शालननं तोंडावर हात घेतला आणि ती आईच्या गळ्यात पडली. दोघी बायका पुढे झाल्या, कुंकवाची डबी उघडली. क्षणभर मलाही फक्त आनंदच झाला. मग अण्णा काय बोलले ते माझ्या डोक्यात शिरलं.

गयाबाईंना ते माझ्या आधी कळलं होतं. शालनचा हात बाजूला करून ती गुरवाकडे बघत होती.

"कोन्तं लेकरू?" तिनं विचारलं.

गुरव गोंधळला. "आँ?"

"म्या हितं असताना कोन्तं मेलं?"

"लांडीचं," गुरव म्हणाला. "काल सकाळी पाराच्या मागं घावलं. तश्शीच दोन भोकं पोटावर. तवाच तर समद्यास्नी पटलं. आमी त्याचं रीतसर केलं बगा, काय कमी पडू दिलं न्हाई."

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी खोटं आहे म्हणावं म्हणून. मी मान खाली घातली. तिनं टाके पडलेला हात मांडीवर घेतला, चांगल्या हातानं पदर तोंडावर ओढला आणि ती रडू लागली. आधी हळू, मग घरातलं गेल्यासारखी मोठ्यानं. सगळा वॉर्ड वळून बघू लागला. कुंकवाची डबी घेतलेली बाई तशीच थबकली. अण्णा नारळ धरून उभे होते आणि त्यांना कळेना की आता काय राहिलं.

"आता कशापायी रडता, इहीनबाई?" ते म्हणाले. "सुटलात की तुमी."